चि. दानीएलला, पीक सणाआधी

२४ ऑक्टोबर २०२५

चि. दानीएल,

प्रभूमध्ये सलाम.

परवा फोनवर तू आणि पप्पा, दोघांचाही आवाज चढला होता. ते तुमचं तुम्ही मिटवाल. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालास ना, "शनिवारी सेकंड शिफ्ट सुटली की गाडीवर निघतो, सकाळी उपासनेला पोचतो," तेच माझ्या डोक्यात बसलंय. रांजणगावहून जालना जवळपास अडीचशे किलोमीटर, तेही मध्यरात्री, मोटारसायकलवर. तसं येऊ नकोस. एवढं सांगितलं, आता हा विषय काढणार नाही.

तू विचारलंस, सोयाबीन पाण्यात गेलं तर पीक सणाला चर्चमध्ये उपकारस्तुती कशाची? प्रश्न चुकीचा नाही. आधी झालं काय ते नीट ऐक, कारण पप्पा फोनवर निम्मंच सांगतात. शेंगा भरून पिवळ्या पडायला लागल्या आणि त्याच वेळी सप्टेंबरचा पाऊस बसला. उभ्या झाडावर शेंगेतच दाण्याला कोंब फुटले. उघडीप पडल्यावर कापून गंजी लावली. ओली गंजी आतून तापते आणि बुरशी धरते, म्हणून ती मोडून परत पसरावी लागली, म्हणजे मजुरी दोनदा. एरवी एकरी आठ-नऊ क्विंटल होतं, यंदा तीन. चाळल्यावर त्यातही पाव हिस्सा डागी. यंदा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, पण सरकारी खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांच्या आत मॉइश्चर लागतं, नाहीतर माल परत. ताडपत्रीवर रोज पातळ पसरतोय, दुपारी दोनदा हात फिरवतोय, ऊन उतरायच्या आत झाकतोय, कारण रात्रीचं दव दिवसभराचं वाळवण फुकट घालवतं. एक रुपयातला पीक विमा यंदापासून बंद. आता भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या आकड्यावर, त्यामुळे ते पैसे हातात येईपर्यंत धरायचे नाहीत.

घरचं बियाणं ठेवायचं की नाही, यावरून तू पप्पांशी वाद घातलास. वरून चांगला दिसणारा दाणाही भिजून सुकला असेल तर उगवणीत मार खातो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीत मांडायचे, गुंडाळून ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं, आठवड्याने मोजायचं. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पेरता येतं. यंदाच्या मालाचे सत्तर काही येणार नाहीत, हे पप्पांनाही ठाऊक आहे. मेमध्ये बियाणं विकत घ्यावं लागणार. त्याचा खर्च तू आत्ताच डोक्यात घेऊ नकोस. ओव्हरटाइम करून करून तू शनिवारी झोपाळलेला निघणार आणि त्यात ती गाडी...

एक तारखेपासून कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतोय, बाळा. नेवासा, गंगापूर सगळा उसाचा पट्टा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस मागे हातभर बाहेर आलेला, त्याखाली लाल दिवा असला तरी झाकलेला, रिफ्लेक्टरवर चिखल. वेग सायकलीएवढा. समोरून ट्रकचा उजेड डोळ्यांवर आला की पुढची ट्रॉली अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. टायर फुटलं तर तिथेच रस्त्यावर उभी करतात, मागे दगड लावतात, आणि ट्रॉली निघून गेली तरी दगड तिथेच. देव राखतो, यावर माझा विश्वास आहे. पण ट्रॉलीचा मागचा दिवा देव लावत नाही. शिफ्ट सुटल्यावर खोलीवर झोप. पहाटे शिरूर स्टँडवरून संभाजीनगरची एसटी धर, तिथून जालन्याला दर थोड्या वेळाने गाडी आहे. उपासना चुकली तर चुकली. टोपल्यांतल्या वस्तूंच्या लिलावाला तर पोचशील. बघ, परत सुरू झालं माझं. राग मानू नकोस.

पीक सणाला देवापुढे ठेवायच्या टोपलीचं सांगते. पप्पा म्हणतात डागी सोयाबीनच टोपलीत ठेवायचं. तू म्हणालास, देवाला सडकं देणार का, मलाखीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाचा. तुला आठवलं याचं मनातून बरं वाटलं. संडे स्कूलमध्ये रूथमावशीने तुमच्याकडून घटवून घेतलं ते वाया गेलं नाही. पण मलाखी कुणाला बोलतो? कळपात धडधाकट नर असताना लंगडं-आंधळं जनावर वेदीवर आणणाऱ्याला. आपल्या घरात चांगलं पोतं लपवलेलं नाही. आणि बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय बघ. पहिल्या फळांची टोपली घेऊन आलेला माणूस याजकापुढे काय बोलतो? पिकाचं शेवटी एका वाक्यात. त्याआधी भटका पूर्वज, मिसरातली वेठ, जाच, आरोळी. म्हणजे जे भोगलं ते बोलून दाखवणं हा त्या उपकारस्तुतीचाच भाग आहे. तुझ्या आजीने बहात्तरच्या दुष्काळात खडी केंद्रावरची सुकडी टोपलीत ठेवली होती. बेथेलची माणसं ती. मिशनरी नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंगांकडून जमीन मिळवून ते गाव वसवलं, तिथल्या शेतावर तिचं माहेर जगलं. आजी उपासना संपली तरी उठायची नाही, बाकावरच सीताफळ फोडून तुम्हा पोरांना चारायची. बिया रुमालात. पाळकसाहेब बघून न बघितल्यासारखं करायचे.

माझं मत असं, की पाच किलो हातांनी निवडून ठेवावं आणि शेजारी वाटीभर डागी. दोन्ही. पप्पा "दिखाऊपणा" म्हणाले. तू आलास की ठरवू. बाकी टोपलीत पहिल्या वेचणीचा कापूस, दोन भोपळे, मोसंबी गळून उरली ती. लिलावात यंदा भोपळ्याला बोली लावू नकोस. मागच्या वर्षी सायमनकाकांच्या ईर्ष्येने तू तो तीनशेपर्यंत नेलास. पैसे मंडळीला, म्हणजे चर्चलाच गेले, तरीही.

पप्पांचा पाय. फोनवर मुद्दाम सांगितलं नाही, ते शेजारीच बसले होते. सोयाबीनचं धसकट अंगठ्याखाली घुसलं, त्यांना कळलंच नाही, कारण साखरेने तळव्याची संवेदना गेलीय. मोजा ओला दिसला तेव्हा मला कळलं. जखम नखाएवढी आहे, डॉक्टरांनी मेलेली कातडी काढली, हाडापर्यंत गेलेली नाही. रोज सलाईनने धुऊन पट्टी. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, तेल लावलं तरी तिथे नाही. गरम पाण्याचा शेक अजिबात नाही, भाजलेलं कळत नाही म्हणून. त्या पायावर भार नको, आणि हे तर ताडपत्रीवर अनवाणी फिरतात. तू बोललास तर ऐकतील. माझं ऐकून ऐकून त्यांना सवय झालीय. घाबरू नकोस. काळं पडलं, वास आला किंवा ताप भरला तर लगेच न्यायचं, एवढं मी लक्षात ठेवलंय. घाबरून त्याच रात्री गाडी काढशील, म्हणूनच खरं तर लिहायचं नव्हतं.

प्रार्थनेत तुझं नाव ते अजूनही सगळ्यांत आधी घेतात, भांडण झालं त्या रात्रीसुद्धा. आणि तू दर महिन्याला पैसे पाठवतोस हे मंडळीत चार जणांना सांगून झालंय. तुला मात्र ते कधी सांगणार नाहीत.

येताना पुण्याला गेलास तर पप्पांसाठी एमसीआरची, म्हणजे साखरेच्या पायांसाठीची मऊ रबराची चप्पल घे. नऊ नंबर, मागे पट्टा असलेली, अंगठ्यात अडकवायची नको, त्या खोबणीनेच नवी जखम होते. आतला रबर अंगठ्याने दाबून बघ, दबला पाहिजे आणि सोडल्यावर परत वर आला पाहिजे. बिल ठेव, घट्ट झाली तर बदलून घेता येईल.

तुझी,
आई