हॉल रद्द केलाय, तंबोरा तयार ठेवा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर आईचा आवाज कापरा झाला की माझं पुढचं वाक्य घशातच राहतं, म्हणून लिहितेय. छोटूच्या पाचव्या वाढदिवसाचा हॉल मी काल परस्पर रद्द केला. बाबांना आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर "बरं, तुझी मर्जी" म्हणाले असते, आणि तेवढ्यावर मी विरघळले असते.

आई, तुझी हौस मला कळते गं. सगळ्या गावभागाला नातू दाखवायचा होता. पण छोटूला ऑटिझम आहे, आणि नव्वद माणसं, माईक, टाळ्या, फुगे... मागच्या वर्षी मावशीकडच्या बारशात तो टेबलाखाली शिरला आणि पाऊण तास बाहेर आला नाही, ते तुम्ही बघितलंय. फुगा कधी फुटेल ते कळत नाही, याचीच त्याला धास्ती. कुकरच्या शिट्टीचंही तसंच. गंमत म्हणजे रेल्वेचा भोंगा त्याला चालतो. सांगली स्टेशनवर गाडी लांबून येताना दिसते, मग भोंगा होतो, तोवर तो कानावर हात ठेवून तयार असतो, हसत.

त्याची मजा तुमच्याच घरात आहे, हे मला मे महिन्यात कळलं. बाबा, तुम्ही तंबोरा लावत होता आणि हा येऊन भोपळ्याला गाल टेकून बसला. वीस मिनिटं! माझ्या मांडीवर तो दोन मिनिटं टिकत नाही. थेरपीच्या ताई म्हणाल्या, आवाज एकसारखा आहे, अचानक चढत नाही, आणि तो कानाइतकाच गालातून, हाडांतून जाणवतो. अशा थरथरीनं काही मुलं शांत होतात. मला मात्र आईचं बोलणं आठवलं, की मी भोपळ्याला कान लावून झोपायचे आणि मला तसंच उचलून गादीवर न्यावं लागायचं. २०१९ च्या पुरात बाबांनी फ्रीजच्या आधी तंबोरा माडीवर नेला म्हणून आई आठ दिवस बोलली नव्हती. आता बोल, आई.

तेव्हा वाढदिवस घरीच. आपण पाचजण, आणि रोज एकच पाहुणा, तोही अर्धा तास. आम्ही चांगले दहा दिवस राहणार आहोत. हॉलमध्ये तो तुम्हाला दहा मिनिटंही मिळाला नसता.

बाबा, आता जरा रागवा माझ्यावर, पण ऐका. मास्तरकी बंद. तो शेंगा सोलायला बसला की "किती झाल्या?", "हा रंग कुठला?" असलं काही विचारायचं नाही. तो दाणे खात नाही, टरफलं ओळीनं लावत बसतो. लावू दे. तुम्ही शेजारी बसून त्याच ओळीच्या टोकाला एक टरफल ठेवा आणि गप्प राहा. काढून टाकलं तर टाकू दे, थोड्या वेळानं परत ठेवा. माझ्या वेळी आठव्या दिवशी त्यानं माझा हात धरून टरफलापाशी नेला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

झोपाळा जेवणाआधी, हळू आणि एकाच लयीत. घंगाळात पाणी आणि दोन तांबे दिले की तास जातो, पण कुणीतरी समोर बसायचंच. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: दिंडीदरवाज्याला वरची कडी आजच लावून घ्या, त्याचा हात पोचणार नाही अशी. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते, न सांगता चालायला लागतात, आणि आपल्याकडून नदीचा घाट किती जवळ आहे ते तुम्हाला माहीत आहे. घाबरवत नाहीये. फक्त कडी लावा.

झोपाळा, जेवण, तंबोरा, झोप असे चार फोटो मी पाठवतेय. छापून फ्रीजवर ओळीत चिकटवा, एक झालं की ते काढायचं. पुढं काय येणार हे दिसलं की तो चिडत नाही.

आई, भडंग कर, पण तिखटाशिवाय, आणि शेंगदाणे वेगळ्या वाटीत. एकत्र झाले की तो काहीच खात नाही. त्याला कडेवर घेऊ नकोस, अठरा किलोचा झालाय आणि तुझी कंबर मला माहीत आहे. साखर तपासलीस का? बाबांची गोळी रात्रीची आहे, सकाळची नाही, डबीवर लिहून ठेवलंय मी. आणि "मामाही पाच वर्षांचा होईतो बोलला नव्हता" हे शेजारच्या काकूंना सांगायचं थांबव. मला त्रास होतो म्हणून नाही. काकू मग त्याच्याशी मोठ्यानं बोलायला लागतात.

बाबा, जवारीचे, म्हणजे तारांखालचे, दोरे तो ओढणार. ओरडू नका, हात धरून तारेवर न्या. तार तुटली तर तुटू दे, मिरजेला सतारमेकर गल्लीत जाऊन नवी आणू. २०२४ मध्ये मिरजेच्या तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा तुम्ही मला रात्री साडेदहाला फोन केला होतात, आपल्याच घरचं बारसं असल्यासारखा. त्याच हौसेनं त्याला जवळ बसवा.

मंगळवारी दुपारी पोचतो. स्टेशनवर येऊ नका, ऊन असतं.

तुमची,
ताई

ता. क. हॉलचे आगाऊ दिलेले दोन हजार परत मिळणार नाहीत, ते मी पाठवलेत, परत करू नका. आणि तंबोऱ्याची गवसणी (कापडी खोळ) आधी काढून ठेवू नका. तिची नाडी त्याला स्वतः सोडायची असते.