सही करून आले आहे

प्रिय आई-बाबा,

फोनवरच सांगणार होते. पण आई, तू लगेच "आधी बाबांशी बोल" म्हणाली असतीस आणि बाबा गप्प झाले असते, म्हणून लिहितेय. इसबाच्या नव्या औषधाच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये मी नाव दिलंय. सहीही झाली.

रागावू नका. घाई केलेली नाही. क्लिनिकलट्रायल्स.गव्ह या अमेरिकी सरकारच्या साइटवर 'एटोपिक डर्माटायटिस' (म्हणजे माझा इसब) आणि शहराचं नाव टाकून फक्त भरती चालू असलेल्या ट्रायल पाहिल्या. तिथे नाव असलं म्हणजे सरकारनं पारखून घेतलंय असं नसतं, म्हणून संमतीपत्र घरी आणून दोनदा वाचलं, माझ्या स्किनच्या डॉक्टरांनाही दाखवलं. ही तिसऱ्या टप्प्यातली आहे, म्हणजे औषध आधी बऱ्याच जणांना देऊन झालंय. जायलाही बसनं अर्धाच तास लागतो. ड्युपिलुमॅब या इसबाच्या औषधाला अमेरिकेत २०१७ साली मंजुरी मिळाली, त्याआधी कुणीतरी अशीच सही केली होती ना?

बाबा, प्लासिबो, म्हणजे औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी, मिळू शकतो, हे खरं आहे. १६ आठवडे मलाही कळणार नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. पण फारच उसळलं तर नेहमीचं मलम देतात, आणि कारण न सांगता कधीही बाहेर पडता येतं. सुरू होण्याआधी २ आठवडे स्टिरॉइडचं मलम बंद होतं, ते दिवस जड गेले. आता ते संपलेत. झोप लागतेय, नखं कापलेली आहेत, चादरी सगळ्या सुती आहेत.

आई, तू माझ्या हातांत बाबांचे मोजे चढवून मनगटाला नाडी बांधायचीस आणि मी झोपेत ती दातांनी सोडायचे. सकाळी अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसले की तू न बोलता अभ्रा बदलायचीस. काकूंचं ऐकून तू मलम निम्मंच लावायचीस, ते अजून मनाला लावून घेऊ नकोस गं. किती लावायचं हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. मलाही हे फार उशिरा कळलं.

आणि बाबा, तुमच्या नडग्या मी व्हिडिओ कॉलवर पाहिल्यात. "वयानं कोरडं पडतं" हे मला सांगू नका. कढत पाणी बंद. कोमट पाण्यानं १० मिनिटांत अंघोळ उरकायची, अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच बिनवासाचं जाड क्रीम लावायचं. खाजवून चिघळलं असेल, पाणी येत असेल तर या आठवड्यातच दाखवून या. आई, तू सोबत जा, ते एकटे जायचे नाहीत.

माझी पुढची तपासणी सोमवारी आहे. घरी आले की फोन करते. बाबांनीच उचला, क्रीम लावलंत का ते आधी विचारणार आहे.

तुमची,
छकुली