नाकातली फ्लूची लस आणि मे महिन्यातला फ्रिज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याआधी मुलांना फ्लूची लस द्यावी का, याविषयीचा मजकूर आपल्या दैनिकात वाचला. लशीचा गुण किती टक्के येतो, याची चर्चा त्यात होती. परंतु ती लस मुलाच्या नाकापर्यंत येईतो कुठे आणि किती तापमानात होती, याचा उल्लेख नव्हता. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी म्हणून मी अनेक वर्षे शीतसाखळीची, म्हणजे लस कारखान्यापासून मुलापर्यंत थंड ठेवण्याच्या व्यवस्थेची, नोंदवही भरली आहे. म्हणून हे पत्र.

नाकात फवारायच्या लशीत जिवंत, पण क्षीण केलेला विषाणू असतो. 25 अंश सेल्सिअसला वाढायची सवय लावलेला हा विषाणू नाकाच्या थंड भागात वाढतो आणि फुप्फुसांच्या उष्णतेत खुंटतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या हुनेन मासाब यांनी 1960 सालच्या विषाणूपासून असा एक वाण घडवला, तर रशियात लेनिनग्राडचा वाण तयार झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2010 मध्ये स्वाइन फ्लूसाठी आणलेली लस या लेनिनग्राड वाणावरच बेतलेली होती. इंजेक्शनच्या लशीतला विषाणू मुळातच मेलेला असतो. नाकातल्या लशीतला विषाणू मात्र वाटेतच उष्णतेने मेला, तर ती लस दिली काय आणि न दिली काय, सारखेच.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. 2013-14 च्या हंगामात अमेरिकेत ही लस स्वाइन फ्लूच्या विषाणूपुढे फिकी पडली. लशीतल्या स्वाइन फ्लूविरोधी घटकाचे एक प्रथिन उष्णतेला कच्चे असल्याचे आढळले आणि उष्ण दिवसांत वाहतूक झालेल्या साठ्यांचा गुण कमी आल्याचेही दिसले. घटक बदलला, तरी 2015-16 मध्ये तिथल्या मुलांमध्ये परिणामकारकता अवघी 3 टक्के, तर इंजेक्शनच्या लशीची 63 टक्के मोजली गेली. त्यावर तिथल्या लसीकरण सल्लागार समितीने जून 2016 मध्ये ही लस न वापरण्याची शिफारस केली. नवा घटकही नाकातल्या पेशींत नीट वाढत नव्हता, हे पुढे कळले. तो पुन्हा बदलल्यावर 2018-19 पासून लस परत आली. म्हणजे सगळा दोष उष्णतेवर टाकता येत नाही, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. सीरमचीच लस लहान मुलांना देऊन घेतलेल्या चाचण्यांत बांगलादेशात 57.5 टक्के संरक्षण मिळाले आणि सेनेगलमध्ये शून्य. पण विषाणूचा वाण निवडणे आपल्या हातात नाही. फ्रिज आपल्या हातात आहे.

आपल्याकडे फ्लूचा जोर मुख्यतः जुलै ते सप्टेंबरमध्ये असतो. लस अंगी लागायला साधारण दोन आठवडे जातात, त्यामुळे ती मे-जूनमध्येच द्यावी लागते. आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या सांगली जिल्ह्यातल्या जत, आटपाडी, खानापूर भागात पारा चाळिशीला टेकतो आणि वळवाच्या एका सरीत तासन्‌तास वीज जाते. परदेशी बनावटीच्या एका द्रवरूप लशीला फ्रिजबाहेर एकदाच, फार तर 12 तास आणि तेही 25 अंशांपर्यंतच मुभा आहे. आमच्या घरात मेच्या दुपारी पंख्याखालीही 25 अंश नसतात. भुकटीच्या रूपातली लस उष्णता थोडी अधिक सोसते, परंतु तिलाही 2 ते 8 अंशांतच ठेवायचे असते.

गेल्या वर्षी नातीला लस द्यायला आम्ही एका खासगी दवाखान्यात गेलो. कुपी फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात, पाण्याच्या बाटल्यांशेजारी होती. दार उघडले की पहिली गरम हवा तिथेच लागते. आत तापमापक नव्हता. डॉक्टर सज्जन आहेत, त्यांनी विचारल्यावर रागावले नाहीत. पण वीज कधी गेली होती, हे तिथे कोणालाच सांगता आले नाही. सरकारी केंद्रात आम्ही सुट्टीच्या दिवशीही सकाळ-संध्याकाळ तापमान लिहीत होतो आणि बाटलीवरच्या उष्णतेने रंग बदलणाऱ्या खुणेत वर्तुळातला चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की ती बाटली बाद करत होतो. फ्लूची लस सरकारी नियमित लसीकरणात नसल्याने पालक ती पदरचे पैसे मोडून घेतात. त्यांना ही काळजी का मिळू नये?

अन्न व औषध प्रशासनाने दरवर्षी एप्रिलमध्येच जिल्ह्यातील लस ठेवणाऱ्या औषध दुकानांचे फ्रिज तपासावेत, खासगी दवाखान्यांनीही तापमापक आणि नोंदवही ठेवावी आणि ती पालकांना मागितल्यावर दाखवावी, ही माझी विनंती आहे. पालकांनीही लस देण्यापूर्वी ती वही संकोच न करता मागावी.

आपला,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी,
विटा, जि. सांगली