मंत्रिमहोदय, पोर्ट करून जायचे कुठे?

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

ऑगस्ट 2025 मध्ये दोन मोठ्या कंपन्यांच्या ऑनलाइन यादीतून 249 रुपयांचा, रोज 1 जीबी डेटाचा प्लॅन पाठोपाठ नाहीसा झाला. पुढची पायरी थेट 299 रुपये. याला दरवाढ म्हणायचे नाही, कारण कुठलाच दर वाढलेला नाही. स्वस्त पर्याय तेवढा दिसेनासा झाला! तक्रार केली की ऐकायला मिळते, परवडत नसेल तर नंबर तोच ठेवा आणि कंपनी बदला, तो हक्क सरकारने दिलेलाच आहे. हक्क दिला आहे, हे खरे. 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर पोर्टेबिलिटी आहे आणि 3 जुलै 2015 पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातानाही नंबर तोच ठेवता येतो. त्याबद्दल आभार. आता या हक्काचे प्रत्यक्षात काय होते, तेही आपल्या कानावर घालतो.

कागदावर काम सोपे आहे. इंग्रजीत PORT, मग जागा सोडून दहा आकडी नंबर, असा एसएमएस 1900 ला पाठवायचा. कंपनी बदलण्यासाठी लागणारा आठ अक्षरांचा यूपीसी कोड येतो. विनंतीचा दिवस सोडून तो चार दिवस चालतो (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत तीस दिवस). तेवढ्यात नव्या कंपनीकडे ओळखपत्र, फोटो आणि कोड द्यायचा. एकाच सर्कलमध्ये (म्हणजे मोबाइल सेवेच्या एकाच विभागात) तीन कामाचे दिवस लागतात, सर्कल बदलत असेल तर पाच. मुंबई आणि महाराष्ट्र-गोवा ही वेगळी सर्कल आहेत, हे पुण्याहून मुंबईला आलेल्या माणसाला दुकानात उभे राहिल्यावर कळते. मन बदलले तर अर्ज दिल्यापासून 24 तासांत CANCEL आणि नंबर पुन्हा 1900 ला पाठवायचा. शुल्काची कमाल मर्यादा 6 रुपये 46 पैसे. इथवर तक्रार नाही, उलट 2019 च्या डिसेंबरात नियम बदलले तेव्हा काम खरोखर सुटसुटीत झाले.

पण या नियमांमध्ये जिथे जिथे फट आहे, तिथे आमचे पैसे गळतात.

पहिली आणि सगळ्यात मोठी फट म्हणजे शिल्लक. प्रीपेड ग्राहकाने पोर्ट केले की उरलेला बॅलन्स आणि उरलेली व्हॅलिडिटी दोन्ही बुडतात. आता एका मोठ्या कंपनीचे 2025 मधले दर बघा. रोज 1.5 जीबीचा 28 दिवसांचा पॅक 299 रुपयांना, म्हणजे दिवसाला 10 रुपये 68 पैसे. कॅलेंडर महिन्याचा पॅक 319 ला, दिवसाला साधारण साडेदहा रुपये. वर्षाचा 3,599 ला, दिवसाला 9 रुपये 86 पैसे. म्हणजे बचत करायची तर वर्षाचे पैसे आधी मोजा, आणि मोजले की वर्षभर खुंटीला बांधून घ्या. तिसऱ्या महिन्यात जवळच्या टॉवरचे काहीतरी बिघडले आणि घरात रेंज येईनाशी झाली, तर पोर्ट करायला आपण मोकळे आहोत, नऊ महिन्यांचे सुमारे 2,700 रुपये सोडून! साडेसहा रुपयांवर मर्यादा घातली आणि 2,700 वर घातली नाही, याला ग्राहकहित म्हणायचे असेल तर म्हणा.

त्यामुळे जाणकार माणूस काय करतो? व्हॅलिडिटी संपायला सात-आठ दिवस असताना कोड मागवतो, कारण कोड चार दिवसांत मरतो आणि कामाच्या दिवसांत रविवार, सुट्ट्या धरल्या जात नाहीत. दिवाळीच्या आठवड्यात अर्ज दिला की मधल्या मध्ये जुना पॅक संपतो. गेल्या सात दिवसांत सिम हरवून नवे घेतले असेल तर कोड मिळत नाही (जुलै 2024 चा नियम, फसवणूक रोखण्यासाठीचा, तो योग्यच). कनेक्शन घेऊन किंवा मागचे पोर्ट होऊन 90 दिवस झाले नसतील तरी नाही. म्हणजे नव्या कंपनीची रेंज फसवी निघाली तर तीन महिने भोगा. म्हणून आधी त्या कंपनीचे वेगळे सिम घेऊन घरात, कामाच्या जागी आणि रोजच्या रस्त्यावर आठवडाभर वापरून पाहावे लागते. त्याचाही किमान पॅक भरावा लागतोच. बचतीसाठी आधी खर्च! बँकेचे व्यवहार पोर्टच्या आदल्या दिवशी उरकून घ्यायचे, कारण नवे सिम चालू झाल्यावर ओटीपी काही काळ अडकू शकतात. पोस्टपेड असेल तर मुदत उलटलेले बिल भरल्याशिवाय कोड नाही. शिवाय पोर्ट झाल्यावर शेवटच्या अर्धवट महिन्याचे बिल जुनी कंपनी मागाहून पाठवते. ते कुणाच्या लक्षात राहत नाही आणि मग तीच कंपनी नव्या कंपनीकरवी नंबर तोडू शकते. हे सगळे शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी. आमच्यासारख्यांचा निम्मा जन्म तारखा मोजण्यात चालला आहे, महोदय, आणि ज्याला हे जमत नाही तो मुकाट 299 भरतो.

दुसरी गोष्ट घासाघिशीची. मोबाइलच्या दरात घासाघीस होत नाही असे समजणारे भोळे आहेत. कोड मागवला रे मागवला की पुष्कळदा जुन्या कंपनीचा फोन येतो. काल ज्या कस्टमर केअरला माणूस मिळत नव्हता तिथून आज गोड आवाजात 'सर, आपल्यासाठी खास' असा पॅक निघतो, जो ॲपमध्ये नाही, दुकानात नाही आणि वेबसाइटवरही नाही. भाजीच्या गाडीवर भाव पाडून घेतला तर शेजारी उभ्या बाईलाही ऐकू जातो. इथे मात्र शेजारच्याला काय मिळाले, याचा पत्ता लागत नाही. आणि फोनवरच्या शब्दाला किंमत नसते. ऑफर एसएमएसने पाठवा म्हणावे, किती दिवसांची, एकदाच की दर रिचार्जला, व्हॅलिडिटी चालू पॅकच्या पुढे जोडणार की आजपासून मोजणार, हे त्यात लिहून घ्यावे. बहुतेक वेळा इथेच गोड आवाज तुटतो. या छुप्या सवलतींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर 2020 मध्ये न्यायालयाने कंपन्यांना तपशील ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, द्यायला सांगितले, पण गोपनीय ठेवून. म्हणजे आमच्याच खिशातल्या पैशांची गोष्ट आमच्यापासून गोपनीय. गेली कित्येक वर्षे तक्रार न करता पैसे भरणारा ग्राहक सगळ्यात महाग दराने भरतो, आणि रोज भांडणारा स्वस्तात. हे धोरण असेल तर तसे जाहीर करा, आम्हीही सगळे रोज भांडू.

28 दिवसांच्या महिन्याबद्दल काय बोलावे! वर्षात तेरा रिचार्ज होऊन 364 दिवस भरतात. जानेवारी 2022 मध्ये ट्रायने आदेश काढला की 30 दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेचा निदान एकेक पॅक ठेवाच. कंपन्यांनी ठेवला, एकेकच ठेवला, आणि बाकीची यादी होती तशीच राहिली. 84 दिवसांचा पॅक 'तिमाही' म्हणून विकतात, पण चार केले की 336 दिवस होतात आणि 29 दिवस उघडे राहतात. देशात शंभर कोटींहून जास्त मोबाइल जोडण्या आहेत. प्रत्येकीमागे तेराव्या रिचार्जचे दोनशे रुपये धरा, वर्षाला 20 हजार कोटी होतात. सगळेच 28 दिवसांचे पॅक घेत नाहीत, मान्य. निम्मे धरा, तरी 10 हजार कोटी. हिशेब ढोबळ आहे. चुकत असेल तर खरा आकडा आपल्या खात्याने जाहीर करावा, आम्ही जाहीर माफी मागू. आणि तोवर मंत्रालयातील पगारही दर 28 दिवसांनी करून बघावेत, तक्रार एकाचीही येणार नाही.

डेटा नको, फक्त बोलायचे आहे, अशांसाठी 23 डिसेंबर 2024 ला ट्रायने केवळ कॉल आणि एसएमएसचे पॅक सक्तीचे केले. जानेवारी 2025 मध्ये ते आले. कुणाचा 84 दिवसांचा 448 ला, कुणाचा 469 ला. वर्षाचा 1,849 ला, म्हणजे दिवसाला पाच रुपये सात पैसे. दुसऱ्या एकाचा 1,748 चा पॅक 336 दिवसांचा. घरात वायफाय असणाऱ्या आणि साधा फोन वापरणाऱ्या ज्येष्ठांसाठी हा खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो. पण ॲप उघडा आणि हा पॅक शोधून दाखवा. सगळ्यात वर 5जीचा, मग ओटीटीचा, मग आयपीएलचा, आणि तळाशी कुठेतरी हा. दुकानदार त्याचे नाव काढत नाही. सक्ती पॅक ठेवण्याची झाली, दाखवण्याची राहून गेली.

आणि नंबर नुसता जिवंत ठेवायचा तर? 2018 च्या अखेरीस किमान रिचार्जची पद्धत आली तेव्हा एका मोठ्या कंपनीत 28 दिवसांना 35 रुपये लागत. नोव्हेंबर 2021 मध्ये 99 झाले, जुलै 2024 मध्ये 199. सहा वर्षांच्या आत साडेपाच पटींहून जास्त! कुणाचे वेतन, कुणाचे निवृत्तिवेतन, कुठल्या पिकाचा हमीभाव या काळात साडेपाच पट झाला, ते सांगावे. वर कोणी म्हणेल, नका ठेवू नंबर. कसा नको ठेवू? आधार, बँक, गॅस, भविष्यनिर्वाह निधी, सगळीकडे ओटीपी त्याच नंबरवर. सरकारनेच नंबर सक्तीचा केला आणि त्याचे भाडे ठरवायला खासगी कंपन्या मोकळ्या सोडल्या.

तक्रार करावी म्हटले तर 198 ला फोन, डॉकेट (तक्रारीचा) क्रमांक, समाधान झाले नाही तर 30 दिवसांत अपील. अपील ऐकणारा अधिकारी कोण? त्याच कंपनीचा! ट्रायकडे जावे तर ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही. मार्च 2017 मध्ये ट्रायनेच दूरसंचार लोकपाल नेमण्याची शिफारस केली होती. ती फाइल संचार भवनात कुठल्या मजल्यावर आहे? फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक न्यायालयाची वाट मोकळी केली म्हणून बरे, पण 199 रुपयांसाठी तारखांवर तारखा कोण घेत बसणार, हे कंपन्यांना नीट माहीत आहे.

मूळ दुखणे मात्र याहून खोल आहे. दर ठरवण्यात सरकार हात घालत नाही, बाजार ठरवील, असे म्हणतात. बाजार म्हणजे कोण? तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल. जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एका दिवसाच्या अंतरात दर वाढवले, 3 आणि 4 तारखेला. बीएसएनएल तर सरकारचीच. तिन्हींपैकी एका खासगी कंपनीत 2025 पासून सुमारे 49 टक्के वाटा सरकारचा. स्पेक्ट्रम विकणारे सरकार, कंपन्यांच्या समायोजित (ठरावीक वजावटींनंतरच्या) महसुलातून 8 टक्के परवाना शुल्क घेणारे सरकार, आणि आमच्या प्रत्येक रिचार्जवर 18 टक्के जीएसटी घेणारेही सरकारच. 299 तले 45 रुपये 61 पैसे थेट कराचे. दरवाढ झाली की महसूल वाढतो, शुल्क वाढते, करही वाढतो. मग दर कमी व्हावेत असे वाटणारा माणूस या सगळ्या व्यवस्थेत बसतो तरी कुठे? पोर्ट करा म्हणता, पण एका दारातून निघून दुसऱ्यात गेले तरी पाटी 299 चीच. बीएसएनएल स्वस्त आहे म्हणून जुलै 2024 नंतर लोक धावत गेले आणि पुष्कळ जण रेंजअभावी परतले. परतण्याआधी 90 दिवस थांबले, अर्थात.

मागण्या चारच आहेत. पोर्ट करणाऱ्या प्रीपेड ग्राहकाला 28 दिवसांपेक्षा जास्त उरलेल्या व्हॅलिडिटीचे पैसे दिवसाच्या हिशेबाने परत मिळावेत. पोर्ट मागितल्यावर दिलेली प्रत्येक ऑफर त्याच दिवशी कंपनीच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुली व्हावी. प्रत्येक पॅकवर दिवसाचा भाव मोठ्या अक्षरांत छापावा आणि केवळ कॉलचा पॅक ॲपच्या पहिल्या पानावर असावा. लोकपाल नेमावा.

उत्तर पाठवायचे झाल्यास एसएमएस करू नये, तो येईल तेव्हा व्हॅलिडिटी उरलेली असेलच असे नाही. पत्र टाकावे. टपाल खातेही आपल्याकडेच आहे.

आपला,
एक प्रीपेड ग्राहक