सिस्टर, तुमची वही माझ्याकडेच आहे

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभाला मी आलो होतो, मागच्या रांगेत बसलो होतो. सरपंचांनी दोन शब्द बोलायला बोलावलं तेव्हा मानेनेच नाही म्हटलं. मला जे बोलायचं होतं ते शाल-श्रीफळाच्या गडबडीत बोलण्यासारखं नव्हतं. पण मी तुम्हाला चारचौघांत बोललो होतो, तेव्हा आभारही चारचौघांतच मानायला हवेत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला मे २०२१ चा पहिला आठवडा तुम्हाला आठवत असेल. आरोग्य केंद्राच्या पत्र्याच्या शेडखाली लसीसाठी सव्वाशे माणूस उभा, ऊन असं की पत्र्याखालीही अंग भाजत होतं. तुम्ही टेबलाशी बसून नावं लिहीत होता. मी रांग मोडून पुढे आलो आणि ओरडलो, "तुमच्या या कासवाच्या चालीने माझा नाना गेला." आणखीही बरंच बोललो, ते इथे लिहवत नाही. तुम्ही पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. मग पेन उचललं आणि म्हणालात, "पुढचे या."

नाना म्हणजे माझे सख्खे काका. वय ५२, स्वतःचा केळीचा बाग, कधी डोकं दुखलं म्हणून गोळी न घेतलेला माणूस. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली आणि नाना तीनदा केंद्रावर गेले. पहिल्यांदा टोकन संपले होते. दुसऱ्यांदा लसच आली नव्हती. तोच आठवडा देशभर ११ ते १४ एप्रिल असा लसीकरणाचा 'टीका उत्सव' म्हणून जाहीर झाला होता, आणि आमच्या केंद्राच्या दारावर 'आज लस उपलब्ध नाही' असा खडूने लिहिलेला फलक होता. तिसऱ्यांदा नंबर लागणार होता, पण नानांना सकाळपासून कणकण होती. तुम्ही त्यांच्या कपाळाला हात लावलात आणि म्हणालात, आज नाही, आधी टेस्ट करा. बारा दिवसांनी जळगावच्या एका दवाखान्यात नाना गेले.

तुम्ही त्यांना परत पाठवलंत ते बरोबर होतं. लस त्या दिवशी दिली असती तरी उपयोग नव्हता, शरीरात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि आजार आधीच आत शिरलेला होता. हे तुम्ही मला त्या शेडखाली सगळ्यांसमोर सांगू शकला असता. सांगितलं असतं तर मी तिथेच खाली बसलो असतो. तुम्ही सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला, "भाऊ, तुमच्या काकूंचा आणि आईचा नंबर परवा सकाळी लावलाय. उपाशीपोटी पाठवू नका."

त्या फोनचे आभार मी आजपर्यंत मानले नाहीत.

माझा प्रश्न मात्र खोटा नव्हता, हे आजही म्हणतो. लसीकरण इतकं हळू का, हा प्रश्न त्या महिन्यांत अख्खा देश विचारत होता आणि विचारायलाच हवा होता. १६ जानेवारीला मोहीम सुरू झाली. त्याच्या पाच दिवस आधी केंद्र सरकारने पुण्यात बनणाऱ्या कोविशील्ड लसीची पहिली ऑर्डर दिली, ती १ कोटी १० लाख डोसची. प्रौढ माणसंच ९४ कोटींच्या घरात, प्रत्येकाला दोन डोस म्हणजे १८८ कोटी. दुसऱ्या देशांनी आदल्या वर्षीच पैसे भरून ठेवले होते. आपल्या पुण्यात जगातला सगळ्यात मोठा लस कारखाना आणि पुण्याहून एका रात्रीच्या अंतरावर असलेल्या आमच्या तालुक्यात फलक लटकलेला. साडेसहा कोटींच्या आसपास डोस परदेशी गेले त्यावरून भांडणं झाली. काही म्हणाले शेजारधर्म आणि आधीचे करार पाळायलाच हवेत, काही म्हणाले आधी घरातल्यांना. मी तेव्हा दुसऱ्या बाजूला होतो. आता मला वाटतं, खरी चूक बाहेर पाठवण्यापेक्षा वेळेवर न मागवण्यात होती.

पण या सगळ्याचं उत्तर त्या टेबलावर नव्हतं. टेबलावर होत्या दहा बाटल्या, एकेका बाटलीत दहा डोस. आणि तुम्ही.

१ मेला १८ वर्षांवरच्यांना दार उघडलं, तेव्हा ऑनलाइन दाखले काढून देणाऱ्या माझ्या सेवा केंद्रात पोरांची झुंबड उडाली. लसीच्या नोंदणीच्या कोविन पोर्टलवर आमच्या आरोग्य केंद्राचे स्लॉट उघडायचे आणि मी ओटीपी टाकेपर्यंत संपायचे. सकाळी केंद्रावर बघतो तर जळगाव-धुळ्याकडून आलेल्या गाड्या. चांगल्या नेटवाल्यांनी आमच्या गावचे स्लॉट घेतलेले आणि गावातली पोरं कुंपणाबाहेरून बघतायत. लोक तुमच्यावरच चिडले, जसं काही तुम्हीच त्यांना बोलावलं होतं. एकाच बाटलीचे तीन भाव होते तेव्हा, केंद्र सरकारला १५०, राज्याला ३००, खासगी दवाखान्याला ६०० रुपये डोस. बारा दिवसांत राज्याला १८ ते ४४ चं लसीकरण थांबवावं लागलं, कारण मोठ्यांच्या दुसऱ्या डोसलाच लस पुरेना. ३१ मेला सुप्रीम कोर्टाने या धोरणावर कडक ताशेरे ओढले, ७ जूनला पंतप्रधानांनी धोरण बदललं आणि २१ जूनपासून राज्यांच्या वाट्याची खरेदीही पुन्हा केंद्र सरकारने हातात घेतली. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

या धावपळीतली एक गोष्ट मी जवळून पाहिली. तीच ही वही.

दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. गल्लीवार नावं, पहिल्या डोसची तारीख, पुढे दुसऱ्याची. १३ मेला कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर वाढवून १२ ते १६ आठवडे केलं. हे विज्ञान की टंचाईवरचा उतारा, यावर टीव्हीवर रोज वाद. तुम्ही त्या रात्री माझ्या सेवा केंद्रात बसलात, कारण आरोग्य केंद्राचं नेट बंद होतं आणि तुमचा ऑपरेटर माझ्याकडेच एंट्री करायचा. पट्टी घेऊन तुम्ही एकेक तारीख खोडत होता. पेनने आडवी रेघ, शेजारी नवी तारीख, ८४ दिवस बोटांच्या पेरांवर मोजून. मी म्हटलं, सिस्टर, मशीनमध्ये आपोआप बदलेल. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मशीन मेसेज पाठवील भाऊ. माणूस मेसेज वाचतो का?" रात्री साडेअकराला तुम्ही उठलात. दुसऱ्या दिवसापासून आशाताई ती यादी घेऊन दारोदार फिरल्या, तारीख बदलली, परत फेरा मारू नका म्हणून. उन्हातला सात किलोमीटरचा फेरा वाचला लोकांचा. कोणाच्या अहवालात तो आला नसेल.

मग पावसाळ्यात लस आली. भरपूर आली, आणि माणसं यायची थांबली.

हे मला अजून कोड्यासारखं वाटतं. एप्रिलमध्ये जी गर्दी टोकनसाठी एकमेकांच्या अंगावर गेली तीच जुलैत म्हणायला लागली, आता साथ उतरली, कशाला सुई टोचायची. सातपुड्यातल्या पाड्यांवर तर वेगळंच. लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, पोरं होत नाहीत, हे मोबाईलवरून आमच्याआधी तिथे पोहोचलं होतं. तुम्ही मात्र या लोकांना अडाणी म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. तुम्ही म्हणायचात, अफवा निम्मी, रोजी निम्मी. दोन दिवस ताप आला तर दोन दिवसांची रोजी बुडते, ती कोण देणार? म्हणून तुम्ही पाड्यावर जायची वेळ बदललीत. दुपारऐवजी संध्याकाळी, माणसं कामावरून परतल्यावर, आणि शक्यतो बाजाराच्या आदल्या दिवशी, म्हणजे दुसऱ्या दिवशी अंग मोडलं तरी रोज बुडत नाही. तापाच्या गोळ्या चार-चार मोजून पुडीत. पाड्यावरची पावरी बोली बोलणारी आशाताई सोबत. आधी तिने घेतली, सगळ्यांसमोर.

वरून तुमच्यावर आकड्यांचा दाब होता, तोही मी पाहिला. आज चौदाच का? शेजारच्या केंद्राने दोनशे केले, तुमचे चौदाच का? ग्रुपवरचे ते मेसेज तुम्ही मला दाखवले नाहीत, पण ऑपरेटर पोराने दाखवले. एकदा मीच पुढे होऊन म्हणालो, ज्यांनी लस घेतली नाही त्यांचे दाखले मी अडवून ठेवतो, बघा कशी रांग लागते. तुम्ही पटकन म्हणालात, "असं करू नका. भीतीने एकदा हात पुढे करतील. दुसऱ्या डोसला मला पाहून रानात पळतील." टीव्हीवर वेगाची एवढी चर्चा ऐकली, पण कोण्या तज्ज्ञाने माझ्या डोक्यात इतका लख्ख उजेड पाडला नाही. पहिल्या डोसला घाई केली की ती दुसऱ्या डोसला अंगावर येते. त्या पाड्यावर तुम्ही पहिल्या संध्याकाळी चौदा केले, पुढच्या फेरीला तीसच्या वर. आणि दुसऱ्या डोसला चौदाचे चौदा परत आले. वहीत आहे, मी मोजले.

२१ ऑक्टोबरला देशाने १०० कोटी डोस पूर्ण केले. मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला, इतक्या मोठ्या देशात नऊ महिन्यांत हे होणं ही लहान गोष्ट नाही. त्या दुपारी तुम्ही आमच्या शिवारात कपाशीच्या बांधावर निंबाखाली बसला होता. वेचणीचे दिवस. वेचणाऱ्या बाया किलोवर मजुरी घेतात, त्या केंद्रावर कशाला येतील? तुम्ही लसीचा निळा डबा घेऊन शेतात आलात. बाटली उघडलीत, लेबलवर पेनने वेळ लिहिलीत, कारण उघडल्यापासून चार तासांत ती संपवायची असते. दहा बायांना टोचून झालं, तरी तुम्ही बाटली उलटी धरून सुईने तळ शोधत होता. अकरावा डोस निघाला. पूर्ण अर्धा मिली, मी सिरिंजवरची रेघ पाहिली. तो तुम्ही वजनकाटा धरणाऱ्या पोराला दिला. केरळने असे थेंब वाचवले तेव्हा पंतप्रधानांनी त्यांचं कौतुक केलं होतं. तुमचं कौतुक राहून गेलं, ते मी आज करतोय.

आणि आजी. ती पडून होती, खुब्याचं हाड मोडलेलं. घरी जाऊन लस द्या म्हणून मुंबई हायकोर्टात याचिका चालली, केंद्र सरकार महिनोन् महिने 'शक्य नाही' म्हणत राहिलं, सप्टेंबरमध्ये परवानगी आली. नोव्हेंबरात तुम्ही आलात. पण आधी गल्लीत फिरून राहिलेली नऊ माणसं गोळा केलीत, आमच्या ओट्यावर बसवलीत, आणि मगच बाटली उघडलीत. एका म्हातारीसाठी नऊ डोस वाया जाऊ द्यायचे नाहीत आणि नऊ डोसांसाठी म्हातारी सोडायची नाही. आजीने तुमचा हात घट्ट धरला, "बाई, मी मरी जासू तं?" तुम्ही खाटेच्या कडेला टेकून तिच्याच बोलीत म्हणालात, "मरत नई माय. मी आठेच बठेल शे." आणि खरंच अर्धा तास बसून राहिलात. तुमचा जेवणाचा डबा पिशवीत तसाच होता. तीन वाजून गेले होते. आईने ते पाहिलं होतं, आजही काढते.

आजी आणखी दोन वर्षं जगली. शेवटी गेली ती म्हातारपणाने, झोपेत.

सिस्टर, त्या दिवशी शेडखाली मी जे बोललो त्याची माफी मागतो. तुम्ही ते कधी उगाळलं नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर ज्यांनी द्यायचं होतं ते फार लांब होते, आणि तुम्ही समोर होता, म्हणून तुम्हाला ऐकावं लागलं. आमच्या अख्ख्या गावाने तुम्हाला असंच ऐकवलं, आणि तुम्ही प्रत्येकाला नंबर देत राहिलात. त्याबद्दल, माझ्याकडून, काकूंकडून आणि पाड्यावरच्या त्या चौदा जणांकडून मनापासून आभार.

तुमची लाल वही शेवटच्या एंट्रीपासून माझ्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर तुमच्या अक्षरात आजीचं नाव आहे, दुसऱ्या डोसपुढे बरोबरची खूण. पोस्टाने पाठवणार होतो. आई म्हणते, पाठवू नको, न्यायला त्यांनाच बोलाव, भरिताची वांगी निघाली आहेत. या रविवारी जमेल का, कळवा. स्टँडवर घ्यायला येतो.

तुमचा,
सेवा केंद्रवाला भाऊ