मिरजेच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांना पत्र

ती. काका,
सा. न. वि. वि.

शाळेत शिकलेल्या पत्रलेखनातलं एवढंच लक्षात राहिलंय, पुढचं सगळं मनाचं. मी तुमच्याकडे येणारा गेमवाला मुलगा. नाव तुम्हाला तेव्हाही माहीत नव्हतं. वहीत तुम्ही ‘गेम, रिमोट, १५ रु.’ एवढंच लिहायचात (रिमोट म्हणजे गेम खेळायचं ते वायरवालं बटणांचं यंत्र). सतारमेकर गल्लीच्या अलीकडचं तुमचं दुकान, राळेचा वास, आणि बाकावर उघडे पडलेले लोकांचे टीव्ही. ही गोष्ट १९९७ ते ९९ मधली.

परवा ऑफिसात जेवताना विषय निघाला, प्रत्येकाने आयुष्यातले आवडते पाच गेम सांगायचे. मी चाळिशीला आलोय, पण पोरं झोपल्यावर अजून तासभर खेळतोच. बोटांवर मोजायला लागलो, तर पाचातले तीन तुमच्या दुकानात पहिल्यांदा नीट कळलेले निघाले. म्हणून हे पत्र. खरं तर फार उशीर झालाय.

पहिल्यांदा आलो ते कॅसेट लागत नाही म्हणून. आमचा टीव्ही गेम म्हणजे निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या जपानी गेम मशीनची कुठल्याशा कारखान्यातली नक्कल, आणि कॅसेट लागली नाही की तिच्यात फुंकर मारायची हा आमच्या गल्लीचा कायदा. मी तुमच्यासमोर जोरात फुंकलं आणि तुम्ही ओरडलात, “फुंकू नको रं, थुंकी जाती आत!” मग माझ्याच कंपासातला खोडरबर मागून घेतलात आणि कॅसेटच्या पितळी दातांवरून हलक्या हाताने फिरवलात. खोडरबराचा चुरा काळा निघाला. कॅसेट लागली. पुढे कधीतरी वाचलं की खुद्द निन्टेंडोही कॅसेटमध्ये फुंकू नका असंच सांगते. तेव्हा मला तुमचा उगाच अभिमान वाटला.

त्याच कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं होतं. तुम्ही स्क्रू काढून आत दाखवलंत: हिरवी पाटी आणि तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका. “सगळा संसार ह्यात. आकडा नुसता वरच्या कागदावर.” घरी जाऊन मोजले. वेगळे गेम बावीस भरले, बाकी सगळी तीच नावं फिरून फिरून.

पण तुमचे सगळ्यात मोठे उपकार वेगळेच आहेत. गेम लावला की टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते, हे आमच्या बाबांना कुणीतरी पटवून दिलं होतं. रंगीत टीव्ही हप्त्यांवर घेतलेला, हप्ते अजून चालू. गेम माळ्यावर टाकायचं ठरलं होतं. शेवटचा उपाय म्हणून मी बाबांना तुमच्याकडे घेऊन आलो, आणि वाटेतच खात्री झाली की तुम्ही मोठ्या माणसाचीच बाजू घेणार. सगळे घेतात. तुम्ही हातातली इस्त्री (सोल्डरिंगच्या त्या काडीला तुम्ही इस्त्रीच म्हणायचात) खाली ठेवलीत आणि बाबांना शांतपणे समजावलंत, की ट्यूब गेमने जात नाही. एकच चित्र तासन् तास थांबवून ठेवलं तर त्याचा डाग काचेच्या आतल्या थरावर उमटू शकतो, तेवढी काळजी घ्या. माझ्याकडे वळून म्हणालात, “पॉज करून जेवायला जायचं नाही.” बाबा परत येताना काही बोलले नाहीत, पण गेम माळ्यावर गेला नाही. तो गेला असता तर आज हे पत्र लिहिणारा माणूस संध्याकाळी काय करत बसला असता, देव जाणे.

आता आवडीचं. मारिओ सगळ्यांनाच आवडतो, त्यात माझं कौतुक नाही. मला तो का आवडतो, ते मात्र तुमच्यामुळे कळलं. दुकानातला टेस्टिंगचा टीव्ही चौदा इंची, ब्लॅक अँड व्हाइट. अ‍ॅडॉप्टर तपासायला तुम्ही मारिओ लावलात, दोन मिनिटं बघत राहिलात आणि म्हणालात, “हे झुडूप आणि तो ढग एकच हाय की.” मी घरी रंगीत टीव्हीवर शेकडो वेळा खेळलो होतो. मला ढग पांढरा आणि झुडूप हिरवं, एवढंच दिसायचं. रंग काढल्यावर दिसलं की ढगाचाच वरचा भाग जमिनीवर टेकवलाय. १९८५ सालचा हा अख्खा गेम चाळीस किलोबाइटमध्ये बसवलेला. तेव्हा एकच चित्र दोनदा वापरून मारिओ बनवणाऱ्या मियामोटो आणि मंडळींनी जागा वाचवली. तेव्हापासून कुठलाही गेम हातात घेतला की मी आधी शिवण कुठे आहे ते बघतो.

काँट्रा माझ्या पाचात नाही. हे वाचून दोन मित्र बोलणं टाकतील, टाकू देत. नुसतं पळत गोळ्या झाडायच्या आणि मरायचं.

पहिल्या नंबरावर टँक. बॅटल सिटी हे त्याचं खरं नाव, नामको कंपनीचा, १९८५ चा. पण मिरजेत तो टँकच. तळाशी विटांच्या आडोशात गरुड, त्याला वाचवायचं आणि समोरून येणारे वीस रणगाडे फोडायचे. तुम्ही त्या गरुडाला कोंबडी म्हणायचात. रिमोट दुरुस्त झाला की ‘टेस्टिंग’ म्हणून एक डाव, असा आपला रिवाज पडला. घरी माझा टँक पिवळा आणि दुसऱ्याचा हिरवा असायचा. तुमच्या टीव्हीवर दोन्ही राखाडी. कोण मी आणि कोण तुम्ही, हे टँक हलवून बघितल्याशिवाय कळायचं नाही. मी तुम्हालाच गोळी घालायचो, तुमचा टँक लुकलुकत जागच्या जागी थिजायचा, आणि तेवढ्यात शत्रू खाली उतरायचा. एकदा तर तुमच्याच गोळीने कोंबडी उडाली. तुम्ही एवढे हसलात की शेजारच्या दुकानात सतार जुळवत बसलेले गृहस्थ उठून बघायला आले.

तिसरा बदकं मारायचा गेम. त्यातली बंदूक कशी चालते हेही तुम्हीच सांगितलंत: घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड शोधतो. म्हणजे गोळी बंदुकीतून सुटतच नाही, टीव्हीतून बंदुकीत येते. वर्गात सांगितलं, कुणी विश्वास ठेवला नाही.

चौथा प्रिन्स ऑफ पर्शिया. तो कॉम्प्युटर क्लासमध्ये, सर चहाला गेले की. साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची, आणि राजपुत्राचं पळणं खऱ्या माणसासारखं, कारण जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला पळायला लावून त्याचं चित्रीकरण केलं होतं.

पाचवा तुम्हाला दाखवायला हवा. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’, २०१८ चा, लुकास पोप नावाच्या एका माणसाने केलेला. ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज परत येतं, वर जिवंत कुणी नाही, आणि साठ माणसांचं काय झालं ते आपण त्याच कंपनीच्या विमा तपासनीसाच्या भूमिकेतून शोधायचं. सगळा गेम दोनच रंगांत, गडद आणि फिकट. लोकांना तो विचित्र वाटतो. मी पहिल्या पाच मिनिटांत तुमच्या बाकावर जाऊन बसलो होतो.

आता एक कबुली. १९९९ च्या दिवाळीनंतर काहीच बिघडेना. कॅसेट चकाचक, बटणं ठीक (त्यांच्या झिजलेल्या रबराला तुम्ही शिसपेन्सिल घासून दिली होती, ती अजून चालायची), अ‍ॅडॉप्टर नवा. तीन आठवडे दुकानात यायला कारण नव्हतं. मग मी बाबांच्या दाढीच्या ब्लेडने रिमोटची वायर कापली आणि तुटली म्हणून घेऊन आलो.

तुम्ही ती उजेडात धरलीत. दोन्ही टोकं जवळ आणून बघितलीत. “तुटलेली वायर अशी सरळ नसती,” म्हणालात. माझे कान गरम झाले. तुम्ही पुढे एक शब्द बोलला नाहीत. वायर सोललीत, कथील लावलंत, काळी टेप गुंडाळलीत. टीव्ही लावलात आणि दुसरा रिमोट स्वतः घेतलात. दोन डाव झाले. वहीत काही लिहिलं नाहीत.

मी चप्पल घालत होतो तेव्हा आतून म्हणालात, “उद्या शाळा सुटली की ये. नुसता ये, वायर आणू नको.”

तुमचा,
गेमवाला