दिग्या, तुझ्या हायड्रोजनची ऑर्डर आली

भोसरी, रविवार रात्र

प्रिय दिग्या,

हसू नकोस. हे शीर्षक मी लिहीन असं होस्टेलच्या गच्चीवर कुणी म्हटलं असतं तर मी त्याला खाली ढकललं असतं, आणि बाळ्याने मदत केली असती.

तब्येत ठीक. शुगर जिथे होती तिथेच, आईचा गुडघाही तसाच. आता मुद्द्याचं.

या आठवड्यात आपल्या त्या जुन्या गिऱ्हाइकाच्या परचेसमधून दोन कागद आले. एक पुढच्या वर्षाचं शेड्यूल. पेट्रोल इंजिनाच्या व्हॉल्व्ह गाइडचा, म्हणजे ज्या नळीत व्हॉल्व्ह वरखाली सरकतो आणि जी बनवून माझी शेड चालते तिचा, आकडा असा खाली आलाय की दुसरी शिफ्ट चालवायची का, हाच प्रश्न आहे. दुसरा कागद म्हणजे एक ड्रॉइंग. गाइडच, पण ट्रकच्या इंजिनाचं, आणि ते इंजिन जाळणार हायड्रोजन! लॉट छोटा, टॉलरन्स कडक, पुढे किती लागतील ते परचेसवाल्यालाही ठाऊक नाही.

हे घरी कुणाला सांगू? हिला वाटतं ऑर्डर आली म्हणजे आली. पोरगी म्हणते, बाबा, मोटर शाफ्ट, म्हणजे विजेच्या मोटरीचे फिरते दांडे, करायला घ्या. तिने परवा स्वतःच्या पगारातून गाडी आणली, अर्थातच बॅटरीची. पेढे ठेवले, नारळ फोडला, मग मी सवयीने बॉनेट उघडून आत डोकावलो. ती मागून म्हणाली, "बाबा, यात तुमचं काही नाही." प्रेमानेच म्हणाली रे. चार सिलिंडरच्या इंजिनात सोळा व्हॉल्व्ह, सोळा गाइड. त्या सोळांवर अण्णांचं ऑपरेशन झालं, तिचं कॉलेज झालं. मोटरीत एकही नाही. चालवून पाहिली आणि खोटं कशाला बोलू, झकास आहे. बापूजीबुवाच्या चढाला अशी सुटली की हिने देवाचं नाव घेतलं.

तुझी-माझी भांडणं आठव, आणि मिसळीची ती पैज: पुढे तुझा हायड्रोजन चालणार की माझं इंजिन. तू म्हणायचास, बॅटरी म्हणजे गाडीने आधी स्वतःचंच ओझं वाहायचं. मी म्हणायचो, विजेचा हायड्रोजन करायचा, तो गाडीत भरायचा आणि गाडीत परत वीज करायची, हे म्हणजे घरचं दूध विकून त्याच पैशांत दुधाची पावडर आणणं. परांजपे सरांनी दोघांनाही प्रॅक्टिकलमधून हाकललं होतं. पण हिशेब माझाच बरोबर होता, हे आता तरी कबूल कर. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज जाते. वर तो टाकीत ७०० बारला, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे सातशे पटीला, दाबायची वीज वेगळी. तेवढ्यावर तुझी मिराई, टोयोटाची ती हायड्रोजनची गाडी, शंभर-सव्वाशे किलोमीटर जाते. तीच वीज पोरीच्या गाडीत भरली तर ती तीनशे तरी काढेल. आणि जगातला बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून बनतो, पाण्यापासून नाहीच. पेट्रोलची बाजू मी घेत नाही. टाकीतल्या पेट्रोलमधली पाऊण ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, हे मी त्या धंद्यात राहून सांगतोय.

२०२२च्या मार्चमध्ये गडकरी मिराईतून संसदेत गेले तेव्हा तू तो फोटो ग्रुपवर तीनदा टाकलास. "बघ!" एवढंच लिहून. आता मी विचारतो, तुझी मिराई आहे कुठे? बाळ्या सांगत होता की तुझा जवळचा पंप बंद झाला, पुढच्या पंपावर रांग, आणि १३ डॉलरचा किलो ३६ला गेला. कंपनीने दिलेलं पंधरा हजार डॉलरचं इंधन कार्ड उडवलंस ना सगळं? मी सांगत होतो. असो, तो विषय नंतर, फोनवर, मनसोक्त.

तर माझी अडचण ही. या ड्रॉइंगमध्ये तुझ्या मिराईसारखा हायड्रोजनची वीज करणारा फ्युएल सेलसुद्धा नाही, हायड्रोजन थेट सिलिंडरमध्ये जाळायचा. म्हणजे इंजिन आपलंच, पिस्टन आपला, गाइड आपली. कार्बन नाही, पण जळताना हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतातच. कार्यक्षमतेत फ्युएल सेलच्या मागे. तरी टाटांनी मार्च २०२५मध्ये जे सोळा हायड्रोजन ट्रक चाचणीला काढले, त्यांत फ्युएल सेलचे आहेत तसे इंजिनाचेही आहेत, आणि रस्त्यांच्या यादीत आपलं पुणेही आहे. लांब पल्ल्याच्या जड ट्रकला टनावारी बॅटरी लादायची तर माल कुठे ठेवायचा, हा तुझाच जुना मुद्दा. तिथे मी कायम गप्प बसायचो.

गोची अशी आहे की मला हायड्रोजन आवडायला लागलाय, आणि कारण पृथ्वी वगैरे काही नाही. त्याला व्हॉल्व्ह लागतात! परवा रात्री त्याच्या बाजूने मुद्दे काढत बसलो होतो आणि प्रत्येक मुद्दा तुझ्या आवाजात ऐकू येत होता. भयंकर प्रकार.

काम मात्र मजेचं आहे. हे इंधन कोरडं. काजळी नाही, वंगण नाही, वर जळून वाफ होते, त्यामुळे सीट आणि गाइड दोन्ही लवकर झिजतात. फट जास्त ठेवली तर तेल खाली उतरतं, कमी ठेवली तर व्हॉल्व्ह धरतो. सदाभाऊंनी पहिला नमुना केला. गाइड उभी धरली, वरून पिन गेज, म्हणजे नेमक्या मापाची पिन, सोडली. पिन पडली नाही, अडकलीही नाही, आतली हवा ढकलत सावकाश खाली गेली. सदाभाऊ म्हणाले, "पेट्रोलला एवढी नेमकी फट कुणी मागितली नव्हती." साठी उलटलेला माणूस, डिलिव्हरीची घाई विसरून तीच पिन पुन्हा पुन्हा सोडत बसला.

पण बँकेने मंजूर केलेल्या पैशांत मशीन एकच येतं. गाइडच्या या बोअरसाठी, म्हणजे आतल्या भोकासाठी, ते घासून नेमकं करणारं होनिंग, नाहीतर मोटरच्या शाफ्टसाठी ग्राइंडर. शाफ्टचं काम मुबलक आहे, म्हणूनच चाकणपर्यंत प्रत्येक शेडवाला त्यात उतरलाय आणि भाव पडलेत. संभाजीनगरला टोयोटाचा कारखाना यायचाय, तिथे हायब्रिडही होणार म्हणतात. हायब्रिडला इंजिन असतं, म्हणजे गाइड आलीच. ही काडी धरून किती वर्षं काढायची?

सध्या ठरवलंय ते एवढंच: नमुने जुन्या मशीनवर काढून द्यायचे, मशीनची ऑर्डर थांबवायची. तुझ्या ओळखीत हायड्रोजन इंजिनाच्या टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन चालवून तपासतात तिथे, कुणी आहे का? मला एकच विचारायचंय, हजार तास चालवल्यावर गाइडचा बोअर किती वाढतो. ब्रोशर नको, मोजलेला आकडा हवा. कोटेशन पंधरा तारखेच्या आत द्यायचंय, त्याआधी फोन कर.

नवीन घर लागलं का? वहिनींची नोकरी गेली असं ऐकलं, खरं का? चिनूला ॲडमिशन मिळाली त्याबद्दल शाबासकी सांग, पाकीट आईकडे ठेवलंय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुध्या

ता. क. बाळ्याचं म्हणणं, आपली पैज निकालात निघाली. तुझ्या गाडीला पंप नाही, माझ्या इंजिनाला शेड्यूल नाही, तेव्हा दोघेही हरलो आणि मिसळीचे पैसे दोघांनी त्यालाच द्यायचे. मी अर्धे दिलेत. उरलेले डॉलरमध्ये चालतील म्हणतो.